सरकारकडे पैसे अडकले आणि कोर्टाची मुदतही गेली: अमेरिकी काँग्रेसकडे दाद मागता येते का?

प्रश्नकर्त्यांची अमेरिकेत वातानुकूलन यंत्रणेच्या देखभालीची छोटी कंपनी आहे. एका फेडरल आस्थापनेच्या आवारात त्यांचे रीतसर कंत्राट चालू असताना तेथील इमारत व्यवस्थापकाने तोंडी सांगून बरेच जादा काम करून घेतले, पुढच्या वर्षीच्या निधीतून बिल काढू असे आश्वासन दिले, आणि नंतर त्यांची बदली झाली. नव्या अधिकाऱ्याने बिल परत पाठवले. पत्रव्यवहारात सात वर्षे गेली. मागणी सुमारे २ लाख ८० हजार डॉलरची आहे. मुदत संपल्याचे वकिलांनी सांगितले. एका परिचिताने मात्र असे सुचवले की आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला गाठून काँग्रेसमध्ये कंपनीच्या नावाचे विधेयकच मांडून घ्यावे. हे खरोखर होते का आणि त्यात किती अर्थ आहे, असा त्यांचा प्रश्न आहे.

होते. अशा विधेयकाला खासगी विधेयक म्हणतात. भारतात बिगरमंत्री सदस्याने मांडलेल्या विधेयकासाठी हाच शब्द वापरतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. येथे विधेयकाचा लाभार्थी नावानिशी ठरलेला असतो: अमुक व्यक्तीला किंवा अमुक कंपनीला तिजोरीतून इतकी रक्कम द्यावी, अथवा तिच्या दाव्यापुरती मुदतीची अट लागू करू नये, एवढाच त्याचा विषय असतो. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि राष्ट्राध्यक्षांनी सही केली की तो कायदा होतो. मात्र सरकारविरुद्धच्या दाव्यांचे काम अनेक वर्षे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या मार्गाने यश मिळते ते नुकसान किती मोठे होते यावरून नव्हे. सरकारचे वागणे चुकीचे होते आणि न्यायालयाचे दार आपल्या हयगयीमुळे बंद झालेले नाही, या दोन्ही गोष्टी कागदावर दाखवता आल्या तरच काँग्रेस ऐकून घेते.

हा मार्ग मुळात का अस्तित्वात आहे, ते समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाते. अमेरिकेच्या संघराज्य सरकारवर त्याच्या संमतीशिवाय दावा लावता येत नाही, आणि कायद्याने विनियोजन केल्याखेरीज, म्हणजे खर्चाला मंजुरी दिल्याखेरीज, तिजोरीतून एकही पैसा काढता येणार नाही असे राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातच लिहिले आहे. त्यामुळे सुरुवातीच्या काळात सरकारकडून येणे असलेल्या माणसाला काँग्रेसकडे अर्ज करण्यावाचून पर्याय नव्हता. राष्ट्राध्यक्षपद भूषवून पुन्हा प्रतिनिधिगृहात आलेल्या जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी १८३२ साली रोजनिशीत वैतागून नोंद केली की हे काम न्यायालयाचे आहे, सभागृहाचा अर्धा वेळ त्यात जातो, आणि कोणत्याही दोन प्रकरणांना एकच न्याय लावला जात नाही. १८५५ साली कोर्ट ऑफ क्लेम्स स्थापन झाले तेव्हा त्यालाही सुरुवातीला फक्त काँग्रेसला अहवाल देण्याचाच अधिकार होता. नागरिकांच्या बाजूने स्वतःविरुद्ध तत्पर न्याय देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, असे लिंकन यांनी १८६१ च्या वार्षिक संदेशात सांगितले, आणि १८६३ साली त्या न्यायालयाला अंतिम निकाल देण्याचा अधिकार मिळाला. पुढे सरकारकडील कंत्राटी आणि तत्सम पैशांच्या दाव्यांसाठी १८८७ चा टकर कायदा, सरकारी कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाने झालेल्या हानीसाठी १९४६ चा फेडरल टॉर्ट क्लेम्स कायदा आणि १९७८ चा कंत्राटी वादांचा कायदा असे एकेक दार उघडत गेले. जे दार उघडले, त्या प्रकारचे दावे काँग्रेसने स्वतःकडे घेणे कमी केले. १९०५ ते १९०७ या एका काँग्रेसच्या मुदतीत सहा हजारांहून अधिक खासगी कायदे झाले होते, त्यांतले बहुतेक निवृत्तिवेतनाचे. अलीकडच्या काही मुदतींत एकही झाला नाही, आणि जे झाले ते बव्हंशी एखाद्या कुटुंबाच्या स्थलांतराच्या प्रश्नाचे होते.

काही दाव्यांना तर नियमानेच प्रवेश नाही. टॉर्ट क्लेम्स कायद्याखाली ज्यासाठी दावा लावता येतो अशी मालमत्तेची हानी, शारीरिक इजा किंवा मृत्यू यांच्या भरपाईचे खासगी विधेयक प्रतिनिधिगृहात मांडताच येत नाही. लष्करी सेवानोंद दुरुस्त करण्याचेही नाही. म्हणजे ज्याला सरकारी वाहनाने धडक दिली त्याने दोन वर्षांच्या आत संबंधित खात्याकडे निश्चित रकमेचा लेखी दावा द्यायचा, आणि खात्याने तो नाकारल्याचे पत्र निघाल्यापासून सहा महिन्यांत न्यायालयात जायचे. हे न करता काँग्रेसकडे येणाऱ्याला पहिल्याच टेबलावरून परत पाठवले जाते.

मग काँग्रेसने दिलासा दिला तो कोणाला? १९५८ साली लष्करातील एक सार्जंट रासायनिक युद्धापासून बचाव करणाऱ्या कपड्यांच्या चाचणीसाठी म्हणून स्वेच्छेने पुढे आला, आणि त्याच्या नकळत त्याला एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे रसायन दिले गेले. त्यानंतरच्या काळात त्याचे वागणे बिघडले आणि संसार मोडला. खरी गोष्ट त्याला कळली ती १९७५ साली, जेव्हा लष्करानेच त्या प्रयोगात सामील झालेल्यांच्या पाठपुरावा तपासणीसाठी त्याला सहकार्याचे पत्र पाठवले. सेवेच्या ओघात झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही, या १९५० पासूनच्या न्यायतत्त्वामुळे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली त्याची मागणी नाकारली. त्यानंतर काँग्रेसने त्याच्यापुरता कायदा करून रक्कम लवादाकडे सोपवली आणि १९९६ साली त्याला सुमारे ४ लाख डॉलर मिळाले. या प्रकरणात सरकारी कृत्य निंद्य होते, ते सरकारनेच लपवले होते, आणि न्यायालयाचा अडसर पूर्णपणे कायद्याचा होता. अर्जदाराने करायचे काही राहिले होते, असे कोणालाही म्हणता येत नव्हते.

मोठ्या समूहाच्या बाबतीत हेच काम सार्वजनिक कायद्याने होते. १९४७ साली टेक्सास सिटीच्या बंदरात अमोनियम नायट्रेट खताने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला आणि सुमारे ५८० माणसे मेली. हे खत सरकारी कार्यक्रमाखाली युरोपला पाठवले जात होते. टॉर्ट क्लेम्स कायद्यात सरकारच्या स्वविवेकाच्या निर्णयांना संरक्षण आहे, या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली चार विरुद्ध तीन मतांनी पीडितांचा दावा फेटाळला. दोन वर्षांनी काँग्रेसने वेगळा कायदा केला आणि सुमारे १,४०० दाव्यांपोटी जवळपास १ कोटी ७० लाख डॉलर दिले. अणुचाचण्यांच्या किरणोत्साराने आजारी पडलेल्यांसाठीचा १९९० चा कायदा आणि कॅम्प लेज्यून तळावरच्या दूषित पाण्यासंबंधीचा २०२२ चा कायदा याच वाटेने आले. एकट्या कंपनीला हे बळ नसते, म्हणून तिला आपले प्रकरण अधिक चोख मांडावे लागते.

आता प्रश्नकर्त्यांच्या प्रकरणाकडे येतो. त्यातली खरी दुखरी जागा मुदत नसून अधिकार ही आहे, असे मला वाटते. सरकारला कंत्राटाने बांधण्याचा अधिकार फक्त कंत्राटिंग ऑफिसरला असतो, तोही त्याच्या नेमणूकपत्रात लिहिलेल्या मर्यादेपुरता. इमारत व्यवस्थापकाला तो नसतो, मग तो कितीही ज्येष्ठ असो आणि त्याने कितीही ठामपणे सांगितलेले असो. १९४७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आयडाहोतील शेतकऱ्याच्या प्रकरणाची या क्षेत्रात आजही रोज आठवण होते. त्याने ४६० एकर गव्हाचा विमा सरकारी महामंडळाकडे उतरवताना स्थानिक समितीला स्पष्ट सांगितले होते की त्यातले ४०० एकर हे हिवाळी गहू गेल्यावर पुन्हा पेरलेले आहे; समितीने सगळे विम्यात बसते असे सांगितले; नियमात मात्र पुन्हा पेरलेले पीक वगळलेले होते. दुष्काळात पीक गेले आणि भरपाई नाकारली गेली. अधिकाऱ्याला नसलेला अधिकार त्याच्या आश्वासनाने निर्माण होत नाही, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. १९९० च्या रिचमंड निकालाने तर सरकारी कर्मचाऱ्याने दिलेल्या चुकीच्या माहितीवर विसंबून तिजोरीतून पैसे मागता येत नाहीत, हे विनियोजनाच्या कलमाचाच आधार घेऊन पक्के केले. हे कायद्याचे कठोर रूप आहे आणि मला ते अनेकदा अन्यायकारक वाटले आहे, पण त्यावर न्यायालयात वाद घालण्यात पैसे घालवू नयेत. अशा वेळी वैधानिक दिलाशाला जागा राहते ती याच कठोरपणामुळे.

तरीही काँग्रेसकडे वळण्याआधी तीन दरवाजे तपासलेच पाहिजेत, कारण न्यायविषयक समितीचा पहिला प्रश्न तोच असतो.

पहिला दरवाजा जुन्या पत्रव्यवहारातच असू शकतो. कंत्राटी वादांच्या कायद्याखाली दावा उद्भवल्यापासून सहा वर्षांच्या आत कंत्राटिंग ऑफिसरकडे द्यावा लागतो, पण त्याला ठरावीक नमुना नाही: निश्चित रकमेची, हक्क म्हणून केलेली लेखी मागणी पुरते. त्या सात वर्षांतले एखादे पत्र कंत्राटिंग ऑफिसरच्या नावे गेले असेल, त्यात रक्कम असेल आणि त्यावर अंतिम निर्णय मागितल्याचे दिसत असेल, तर दावा वेळेत दिला गेला होता असा युक्तिवाद उभा राहतो. १ लाख डॉलरवरच्या दाव्याला सत्यतेचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते सदोष असले तर दुरुस्त करता येते, मुळीच नसले तर गाडी तिथेच अडते. अपिलाची मुदत, म्हणजे अपील मंडळाकडे जायचे तर ९० दिवस आणि कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स या सरकारविरुद्धच्या पैशांच्या दाव्यांच्या न्यायालयात जायचे तर १२ महिने, अंतिम निर्णय हाती पडल्यापासून मोजतात. शिवाय ही सहा वर्षांची अट न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राचा भाग नाही, असे या दाव्यांची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने २०१४ साली म्हटले आहे, त्यामुळे उशिराची सबळ कारणे निदान मांडता तरी येतात. टकर कायद्याच्या सहा वर्षांना ही सवलत नाही. ती मुदत गेली की न्यायालय स्वतःहून दावा काढून टाकते.

दुसरा दरवाजा अनधिकृत कामाच्या अनुमोदनाचा आहे. अधिकार नसलेल्याने करून घेतलेले काम अधिकार असलेल्या अधिकाऱ्याला खरेदी नियमांनुसार नंतर मान्य करता येते. सरकारला त्या कामाचा लाभ झाला असावा, दर वाजवी असावा, आणि काम झाले त्या वेळी निधी उपलब्ध असावा, या त्यातल्या मुख्य अटी. खात्यावर सक्ती करता येत नाही, पण रीतसर अर्ज न करताच काँग्रेसकडे गेलो तर मागून घेण्याचा साधा उपाय का केला नाही, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. तिसरा दरवाजा संरक्षणाशी निगडित कामापुरता आहे. १९५८ च्या एका कायद्याने काही खात्यांना राष्ट्रीय संरक्षणाच्या हितासाठी असाधारण कंत्राटी दिलासा देता येतो आणि त्यात अनौपचारिक वचनबद्धतेला रूप देण्याचीही सोय आहे. मात्र त्यासाठी काम पुरवल्यापासून सहा महिन्यांत लेखी मागणी केलेली असावी लागते. प्रश्नकर्त्यांच्या वर्णनावरून ती झालेली दिसत नाही.

हे सगळे करूनही काही हाती लागले नाही, तर थेट पैसे देणाऱ्या विधेयकापेक्षा मी काँग्रेशनल रेफरन्सचा मार्ग सुचवेन. यात दोन कागद लागतात: कंपनीला अमुक रक्कम द्यावी असे विधेयक, आणि ते विधेयक कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सच्या मुख्य न्यायाधीशांकडे अहवालासाठी पाठवावे असा एका सभागृहाचा ठराव. निवृत्तिवेतनाचे सोडून कोणतेही विधेयक असे पाठवता येते. ठराव एकाच सभागृहाने मंजूर केला तरी पुरतो; दुसऱ्या सभागृहाची किंवा राष्ट्राध्यक्षांच्या सहीची गरज नसते, आणि पैसे देण्याचा निर्णय त्या टप्प्यावर कोणालाच घ्यावा लागत नसल्याने सदस्यांची तयारीही लवकर होते. मुख्य न्यायाधीश एका न्यायाधीशाला सुनावणी अधिकारी नेमतात आणि तीन न्यायाधीशांचे फेरतपासणी मंडळ बनवतात. साक्षी, कागदपत्रे, उलटतपासणी असे सारे नेहमीच्या खटल्यासारखेच होते, आणि न्याय विभागाचे वकील सरकारची बाजू तितक्याच त्वेषाने लढवतात. दावा कायदेशीर आहे, न्यायबुद्धीने देय आहे, की ती केवळ देणगी ठरेल, आणि देय असल्यास किती, हे अहवालात सांगायचे असते. विशेष म्हणजे विलंब कशामुळे झाला, मुदतीचा अडसर दूर करावा अशी परिस्थिती आहे का, आणि उपलब्ध उपाय अर्जदाराने का वापरला नाही, यासंबंधीची तथ्येही नोंदवण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. न्यायालयाने जे ऐकूनही घेतले नसते, ते येथे अधिकृतपणे लिहिले जाते.

पण न्यायबुद्धीने देय याचा अर्थ सहानुभूतीने देय असा लावू नये. सरकारने काहीतरी चुकीचे किंवा निष्काळजीपणाचे केले, आणि त्यामुळेच अर्जदाराचे नुकसान झाले, या दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात. सायक्लामेट या कृत्रिम गोडव्यावर १९६९ साली सरकारने बंदी घातली तेव्हा तो वापरून बनवलेल्या फळांच्या डब्यांचे मोठे साठे कॅलिफोर्नियातील उत्पादकांच्या अंगावर पडले. त्यांचे नुकसान खरे होते, पण बंदी घालण्यात सरकारचे काही चुकले नव्हते, म्हणून अहवाल त्यांच्या विरोधात गेला. इन्स्लॉ या सॉफ्टवेअर कंपनीचा न्याय विभागाशी चाललेला गाजलेला वाद सिनेटने १९९५ साली असाच पाठवला. राजकीय पाठबळ भरपूर असूनही १९९८ साली मंडळाने मागणी निराधार ठरवली. याच्या उलट केंटकीतील कॅम्प ब्रेकिन्रिजचे उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रशिक्षण तळासाठी सुमारे ३६ हजार एकर जमीन शेतकरी कुटुंबांकडून घेतली गेली आणि पुढे सरकारने जमिनीखालचा कोळसा, तेल आणि वायू विकून पैसे केले. मुदतीमुळे त्या कुटुंबांना न्यायालयातून परत फिरावे लागले होते. नव्वदच्या दशकात सिनेटने प्रकरण पाठवल्यावर झालेल्या तपासणीत ३ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम न्यायबुद्धीने देय असल्याचा अहवाल आला. तो येईपर्यंत दीड दशक उलटले होते.

अहवाल अनुकूल आला तरी तो निकाल नसतो. १९५६ पासून न्यायालयीन निकालांचे पैसे चुकवणारा कायमस्वरूपी निधी आहे, त्यातून ही रक्कम मिळत नाही. तिच्यासाठी पुन्हा कायदा लागतो, आणि मूळ विधेयक काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपताच बाद झालेले असल्याने ते नव्याने मांडावे लागते. प्रतिनिधिगृहात खासगी विधेयके महिन्याच्या पहिल्या मंगळवारी पुकारली जातात, आणि दोन सदस्यांनी जरी हरकत घेतली तरी विधेयक समितीकडे परत जाते. दोन्ही पक्ष या विधेयकांवर नजर ठेवण्यासाठी खास हरकतदार सदस्य नेमत आले आहेत. ते अर्जदाराचे शत्रू नसतात. आज हे दिले तर उद्या अशाच किती जणांना द्यावे लागेल, एवढाच त्यांचा हिशेब असतो. म्हणून आपले प्रकरण इतरांपेक्षा वेगळे कसे, हे विधेयकाच्या समर्थनपत्रात पहिल्या पानावर असावे. व्याजाची आशा धरू नये. कायद्यात स्पष्ट तरतूद असल्याखेरीज सरकारवर व्याज चढत नाही. वकिलाची फी विधेयकातच बहुधा १० टक्क्यांवर बांधलेली असते आणि त्याहून अधिक घेणे गुन्हा ठरवलेला असतो, त्यामुळे फीचा करार करताना हे लक्षात घ्यावे.

एवढ्या खर्चाला २ लाख ८० हजार डॉलरची मागणी परवडते का? रेफरन्सची पूर्ण सुनावणी झाली तर काठावर परवडते, असे माझे प्रामाणिक मत आहे. म्हणून माझा क्रम असा राहील: आधी सात वर्षांतला सगळा पत्रव्यवहार तारखेनुसार लावून कंत्राटिंग ऑफिसरला गेलेले प्रत्येक पत्र वेगळे काढावे, त्यानंतर अनुमोदनाचा अर्ज करावा, आणि त्याची प्रत प्रतिनिधीच्या जिल्हा कार्यालयात देऊन खात्याकडे चौकशी करण्याची विनंती करावी. विधेयक मांडणे प्रतिनिधीसाठी जोखमीचे असते, चौकशीचे पत्र पाठवणे नेहमीचे, आणि अनुमोदनाच्या फायली अशा पत्राने हललेल्या मी पाहिल्या आहेत. बदलून गेलेल्या व्यवस्थापकाचा पत्ता मात्र आजच शोधावा. काम कोणी सांगितले, निधीबद्दल काय म्हटले आणि कंत्राटिंग ऑफिसरला हे ठाऊक होते का, एवढेच त्यांनी लिहून द्यायचे आहे. खोटे ठरल्यास शपथभंगाची शिक्षा मान्य असल्याचे नमूद करून तारखेसह सही केलेले निवेदन फेडरल कामकाजात शपथपत्राच्या जागी चालते, त्याला नोटरी लागत नाही. कंत्राटिंग ऑफिसरला हे काम चालू असल्याचे माहीत होते आणि त्यांनी ते थांबवले नाही, असे त्यातून निघाले, तर अनुमोदनाच्या अर्जात आणि पुढे गरज पडल्यास रेफरन्समध्येही प्रकरणाचा सगळा भार याच एका कागदावर राहील.